मोडीत आलेलं पदक घरी कसं पोचवावं

आमच्या ग्वाल्हेरच्या सराफ्यात पैंजण-वाळ्यांच्या मोडीत कधी एखादं लष्करी पदक निघतं. मुशीत टाकण्याआधी त्याची कड वाचा. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल 36 मिलिमीटर व्यासाचं, बहुधा चांदीचं. कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. त्याच युद्धाचं ताऱ्याच्या आकाराचं पदक म्हणजे 1914-15 स्टार; त्याला कड नाही, त्याची अक्षरं पाठीवर शोधा. पॉलिश मुळीच करू नका, अक्षरं झिजतात. खोलीत अंधार करून टॉर्च आडवा धरला की पुसट नंबरही वाचता येतो. नाव इंग्रजीत, कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. ‘धोंडी’ची तीन-चार स्पेलिंगं करून बघावीच लागतात.

विकायला आलेल्याला तिथेच दोन प्रश्न विचारा: हे कुठून आलं, आणि याच्या जोडीचं पिवळं कुठंय? पिवळं म्हणजे त्याच युद्धाचं व्हिक्टरी मेडल. ते काशाचं, त्याला भाव नाही, म्हणून ते घरीच पोरांच्या खेळण्यांत पडलेलं असतं. त्यावरही तेच नाव असतं.

शिपाई युद्धात पडला असेल तर अशा शिपायांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. पुष्कळदा बापाचं आणि गावाचं नावही मिळतं. जिवंत परतला असेल तर पलटणीचा माग काढायचा. ग्वाल्हेर संस्थानाची अर्धी पलटण 1914 मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगाच्या लढाईत होती. संस्थानी फौजा पुढे भारतीय सेनेत गेल्या; इथली एक पलटण कुमाऊँ रेजिमेंटमध्ये गेली, तिचं केंद्र राणीखेतला. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव. 1947 नंतरचं पदक असेल तर नंबर घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. घरच्यांचा पत्ता मागत बसू नका, तुमच्या पत्राचं बंद पाकीट पुढे पाठवायची विनंती करा.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा तर फक्त समोरची बाजू दाखवा. कडेचा नंबर लपवलात की खोट्या वारसांना गाळता येतं. आलेल्याकडून शिपायाचं नाव, पलटण, गाव ऐका. जुना पेन्शनचा कागद असला तर उत्तम.

पैशांचं म्हणाल तर मी मोडीचे दिले तेवढेच घेतो. दोन चुलतभाऊ भांडत आले तर न्यायनिवाडा आपल्या अंगावर घेऊ नये. दोघांच्या सहीचा कागद येईपर्यंत पदक तिजोरीत. देताना दोन्ही बाजूंचा नि कडेचा फोटो, पोच लिहून घ्या. टपालानं पाठवणार असाल तर विमा उतरवूनच.