आलिशान गाडीची वेगवान आवृत्ती घडवताना या चुका टाळा

आलिशान गाडीला वेगवान करण्याचे काम हाती घेणारे बहुतेक जण आधी बॉनेट उघडतात, आणि चूक तिथूनच सुरू होते. इंग्लंडमधील क्रू येथे तयार होणाऱ्या बेंटली मल्सानला १९८२ मध्ये टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) जोडला गेला आणि तिच्या पावणेसात लिटरच्या व्ही-८ इंजिनाची ताकद जवळपास दीडपट झाली. सस्पेन्शन मात्र मागच्या सीटवर निवांत बसणाऱ्या मालकाच्या सोयीचेच राहिले. अशा मऊ गाडीचे स्टिअरिंग वेगात फिरवले, तर आधी बॉडी बाहेर कलते, मग बाहेरच्या टायरांवर भार येतो आणि त्यानंतर कुठे नाक वळते. चालकाने घाबरून मध्येच स्टिअरिंग उलट फिरवले, की हाच झोका दुसऱ्या बाजूला जातो.

यावरचा उपाय बेंटलीच्याच १९८५ च्या टर्बो आर या गाडीत दिसतो. नावातील ‘आर’ म्हणजे रोडहोल्डिंग, अर्थात रस्त्यावरची पकड. अँटी-रोल बारचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांडीचा, ताठरपणा पुढे दुप्पट आणि मागे ६० टक्क्यांनी वाढवण्यात आला. स्प्रिंग सरसकट कडक करण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण दोन्ही चाके एकाच वेळी उंचवट्यावरून जातात तेव्हा हा बार जवळजवळ काहीच करत नाही आणि मूळ आराम टिकून राहतो. अर्थात त्यालाही मर्यादा आहे: सरळ पण खडबडीत रस्त्यावर प्रवाशाचे डोके डावी-उजवीकडे हिंदकळू लागले, तर बार प्रमाणाबाहेर ताठ झाला आहे असे समजावे. उंचवटा ओलांडल्यावर गाडी दोन-तीन वेळा डुलत असेल, तर दोष बारचा नव्हे, स्प्रिंगचा झोका शमवणाऱ्या डँपरचा आहे.

ब्रेकची एकच जोरदार चाचणी घेऊन समाधान मानणे, ही दुसरी मोठी चूक. वेग ताशी २०० वरून २५० किलोमीटरवर गेला, तर तो सव्वापट होतो, पण ब्रेकने उष्णतेत बदलायची ऊर्जा सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते, आणि सव्वादोन टनांच्या गाडीत हा फरक घाटाच्या चौथ्या-पाचव्या वळणावर जाणवतो. पेडल मऊ होऊन खोल जाऊ लागले, तर ब्रेक ऑइल उकळले आहे. पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड अतितापले आहेत. डॉट-४ प्रकारचे ऑइल नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, मात्र ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरू शकते, म्हणून जुन्या ऑइलवर घेतलेल्या चाचणीवरून नव्या ब्रेकची पारख करू नये.

टायरवरील अक्षर गाडीच्या खऱ्या कमाल वेगाशी जुळवून पाहावे: व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३०० किलोमीटर.

कारखान्याला शेवटी विचारणे हीसुद्धा चूकच. मर्सिडीजच्या ५०० ईची बॉडी चाकांवरच्या बाजू रुंद केल्यामुळे मर्सिडीजच्याच झिंडेलफिंगन (जर्मनी) येथील कारखान्याच्या नेहमीच्या असेंब्ली लाइनवर मावेना. तेव्हा तिची जोडणी पोर्शच्या झुफेनहाउझेन येथील कारखान्यात, रंगकाम झिंडेलफिंगनला, अंतिम जोडणी पुन्हा पोर्शकडे आणि तपासणी परत झिंडेलफिंगनला, अशा फेऱ्या सुरू झाल्या आणि एका गाडीला १८ दिवस लागू लागले.