मुंबईच्या ट्रामचा ट्रॅकेबल कसा तयार करावा

जिओकॅशिंग म्हणजे दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर जाऊन कोणीतरी लपवून ठेवलेला डबा शोधण्याचा खेळ. या डब्याला कॅश म्हणतात, आणि एका कॅशमधून दुसऱ्या कॅशमध्ये शोधकांच्या हातून फिरत राहणारी, प्रत्येक मुक्कामाची नोंद संकेतस्थळावर होणारी वस्तू म्हणजे ट्रॅकेबल. एखाद्या शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास सांगण्यासाठी ट्रॅकेबलइतके योग्य माध्यम शोधून सापडणार नाही, कारण ही वस्तू स्वतःच प्रवासी असते. येथे मुंबईच्या ट्रामचे उदाहरण घेतले आहे. पद्धत मात्र एस.टी.च्या गाडीलाही तशीच लागू पडेल.

सर्वप्रथम इतिहासाचा कोणता तुकडा सांगायचा, ते ठरवावे. मुंबईत ट्राम 9 मे 1874 रोजी सुरू झाली, तेव्हा ती घोडे ओढत होते आणि कुलाबा ते पायधुणी या प्रवासाला तीन आणे पडत. विजेची ट्राम 7 मे 1907 रोजी धावली, दुमजली ट्राम 1920 मध्ये आली, आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. हे सगळे एका वस्तूवर कोंबण्याचा मोह टाळावा. घोड्यांची ट्राम केली तर तिच्या डोक्यावर विजेची तार दाखवू नये, आणि सुरुवातीच्या दिवसांत तिकीट दिलेच जात नसे, म्हणून 1874 च्या ट्रामला तिकीट जोडणेही चुकीचे ठरेल. माझ्या मते सर्वांत बोलका विषय शेवटच्या ट्रामचा आहे, कारण तिचा माग आजही आपल्या तोंडी आहे: खोदादाद सर्कलच्या परिसराला आपण दादर टी. टी. म्हणतो, त्यातली दोन अक्षरे म्हणजे ट्राम टर्मिनस, आणि ती उच्चारणाऱ्या कित्येकांनी ट्राम कधी पाहिलेलीही नसते.

आता वस्तूकडे वळू. ट्रॅव्हल बग या नावाने मिळणारा धातूचा बिल्ला विकत घ्यावा लागतो. त्यावर एक क्रमांक कोरलेला असतो आणि सोबत त्याच क्रमांकाचा दुसरा बिल्ला मिळतो, तो घरी जपून ठेवायचा असतो. कंडक्टरच्या छातीवरच्या बिल्ल्याची आठवण करून देणारा हा प्रकार ट्रामला शोभूनही दिसतो. बिल्ल्याला जोडायची ट्राम लाकडाची किंवा जाड पत्र्याची, साधारण पाच-सहा सेंटिमीटर लांबीची करावी. त्याहून मोठी केली तर ती बहुतेक डब्यांत मावत नाही आणि शोधकाला नाइलाजाने ती खिशातच बाळगावी लागते. टोके घासून बोथट करावीत, रंगावर वॉर्निशचे दोन हात द्यावेत आणि बिल्ल्यासोबत आलेल्या मण्यांच्या साखळीवर विसंबून न राहता किल्ल्यांना असते तशी स्टीलची रिंग वापरावी. बॅटरी, वायर, दिवे यांच्या फंदात मुळीच पडू नये, कारण ही वस्तू केव्हातरी विमानतळावरच्या तपासणीतून जाणार आहे.

खरे तिकीट पाठवू नये, हे मी नुकसान सोसून शिकलो. माझ्या पहिल्या ट्रामला मी घरातले एक जुने, कडेला पंच केलेले तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून अडकवले होते. एका पावसाळ्यानंतर त्याचा करड्या रंगाचा लगदा झाला आणि पंचाचे भोक तेवढे कसेबसे ओळखू येत होते. तिकिटाची रंगीत प्रत काढावी, ती लॅमिनेट करावी आणि कापताना चारही बाजूंनी प्लास्टिकची कड शिल्लक ठेवावी, म्हणजे पाणी आत शिरत नाही. मागच्या बाजूला दोन-तीन वाक्यांत ट्रामची हकीकत आणि तिला कोठे जायचे आहे ते इंग्रजीत लिहावे, कारण जंगलात डबा उघडणाऱ्याच्या फोनला रेंज असेलच असे नाही. एक ओळ मराठीतही लिहावी. परदेशातल्या एखाद्या डब्यात ती मराठी माणसाच्या हाती लागली, तर त्याला होणारा आनंद वेगळाच असेल.

यानंतर जिओकॅशिंगच्या geocaching.com या संकेतस्थळावर खाते उघडून ट्रॅकेबल ॲक्टिव्हेट करावा, त्याला नाव द्यावे आणि त्याच्या पानावर उद्दिष्ट लिहावे. ‘जग फिरायचे आहे’ असले मोघम उद्दिष्ट कोणी मनावर घेत नाही. त्याऐवजी, ही मुंबईची दुमजली ट्राम आहे, हाँगकाँगमध्ये अजून दुमजली ट्राम धावतात, तिला तेथे पोहोचवा आणि वाटेत जेथे ट्राम दिसेल तेथे तिचा फोटो काढा, असे लिहिले तर शोधकाला नेमके काम मिळते. एक पथ्य कटाक्षाने पाळावे: ट्रॅकेबलच्या पानावरचा, टी.बी.ने (म्हणजे ट्रॅव्हल बग) सुरू होणारा क्रमांक सर्वांना दिसतो, परंतु बिल्ल्यावर कोरलेला कोड गुप्त असतो, कारण तो माहीत असलेला कोणीही खोटी नोंद करू शकतो. म्हणून फोटोत बिल्ला उलटा धरावा किंवा कोडवर बोट ठेवावे.

पहिला मुक्काम निवडताना घाई करू नये. बोटाच्या पेराएवढ्या नॅनो डबीत ट्राम मावणारच नाही. झाकण घट्ट बसणारा मोठा डबा निवडावा. रेल्वे स्थानकाजवळ किंवा गर्दीच्या चौकात अनोळखी वस्तू ठेवणे आपल्याकडे संशयाला आमंत्रण देते, तेव्हा तो मोह टाळावा. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मेलबर्नसारख्या ट्राम धावणाऱ्या शहरात राहणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून ती पाठवावी आणि त्यालाच तिकडच्या कॅशमध्ये ठेवायला सांगावे. त्याने तेथे ‘ड्रॉप’ अशी नोंद केली, की पुढचा शोधक डब्यातून काढताना ‘रिट्रीव्ह’ अशी नोंद करतो. नुसती पाहून परत ठेवणारा ‘डिस्कव्हर’ नोंदवतो. ट्राम उचलताना बदल्यात काही ठेवण्याची सक्ती नसते, हेही तिकिटाच्या प्रतीमागे लिहावे, कारण नवखे शोधक याच शंकेने हात आखडता घेतात.

कित्येक महिने नोंद आली नाही, तर शेवटच्या शोधकाला सौजन्याने विचारावे. अनेकदा ट्राम त्याच्या बॅगेच्या कप्प्यात विसरलेली असते. ती खरोखर हरवली असेल, तर पानावर तशी खूण करावी, दुसरी ट्राम तयार करून तिला घरी ठेवलेला बिल्ला जोडावा आणि त्याच क्रमांकावर प्रवास पुढे सुरू ठेवावा. ही दुसरी गाडी आहे, एवढे मात्र पानावर नोंदवावे.