लेन्स घ्यायची की फोनच पुरे?

नागपुरातली मारबतीची मिरवणूक, दीक्षाभूमीचा स्तूप, फुटाळा तलावावरचा सूर्यास्त यासाठी खिशातला फोन पुरतो. उगाच पैसे घालू नका. अडतं ते लांबच्या विषयाला. अंबाझरी तलावाच्या काठावरून पाण्यातला पक्षी टिपायचा तर निदान ४०० मिमीची लेन्स हवी. फोनच्या टेलिफोटो (लांबचं जवळ आणणाऱ्या) लेन्सची मर्यादा ओलांडून बोटांनी ताणत गेलात की फोटो नुसता कापून मोठा होतो. पिसं मेण लावल्यासारखी चोपडी दिसतात. ताडोब्याला निघाला असाल तर वादच मिटला, सफारीत मोबाईल नेऊ देत नाहीत. एवढ्यासाठी लाखभराची लेन्स विकत कशाला? १५०-६०० मिमीची भाड्याने घ्या, फक्त आपल्या कॅमेऱ्याच्या माउंटला (लेन्स जोडायच्या जागेला) बसते का, ऑटोफोकस चालतो का, हे दुकानातच लावून बघा.