ब्रेन कॅरियर घ्यायचीय? मग आधी इंजिनाकडे पाठ करून उभे रहा

जुनी मिलिटरीची पट्ट्यांवर (ट्रॅकवर) चालणारी गाडी घ्यायची म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर रणगाडाच येतो, माझ्याही आला होता, लहानपणी नगरच्या रणगाडा म्युझियममध्ये व्हॅलेंटाईन आणि चर्चिल बघितल्यापासून तो किडा डोक्यात आहेच. पण शर्मन ३० टनांचा, तो ठेवणार कुठे आणि हलवणार कशाने? मी इंग्लंडमध्ये राहतो, आणि इथे आमच्यासारख्या नोकरदार माणसाला झेपेल अशी गाडी म्हणजे युनिव्हर्सल कॅरियर. नाव युनिव्हर्सल, पण तिच्यावर ब्रेन नावाची हलकी मशीनगन असायची म्हणून सगळे म्हणतात ब्रेन कॅरियरच. वजन चार टनांच्या आसपास, लांबी १२ फूट, वर छप्पर नाही, मधोमध फोर्डचं व्ही८ इंजिन आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसणार. १९६० पर्यंत एक लाखाच्या वर बनल्या, म्हणून तर पार्ट्स अजून मिळतात. दुसऱ्या महायुद्धात आपल्या इन्फन्ट्री बटालियन्सकडेही कॅरियर प्लाटून असायची.

आता मुद्द्याचं. विकणारा माणूस पहिल्यांदा काय करतो तर इंजिन चालू करून दाखवतो, आणि त्या व्ही८चा आवाज ऐकला की आपण खल्लास. मी पण झालो. इंजिन मस्त होतं, बाकी गाडी भंगार होती, आणि हे मला घरी आल्यावर कळलं. म्हणून सांगतो, इंजिन फोर्डचं साधं साईड व्हॉल्व्हवालं आहे, अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांच्या (जुन्या गाड्या सुसाट पळतील अशा बनवणाऱ्या हौशी लोकांच्या) कृपेने त्याचे पिस्टन, गॅस्केट, वॉटर पंप सगळं आजही नवीन मिळतं. खिसा रिकामा करतात ते तीन पार्ट, म्हणजे बॉडीचा पत्रा, ट्रॅक आणि स्टीयरिंगची आडवी नळी.

ही नळी नीट समजून घ्या कारण तिथेच मी फसलो. या गाडीला रणगाड्यासारखे दोन दांडे नसतात, साधं गोल स्टीयरिंग असतं. थोडं फिरवलं की पुढच्या चाकांची जोडी त्या नळीवर आडवी सरकते, ट्रॅक धनुष्यासारखा वाकतो आणि गाडी अलगद वळते, अजून जास्त फिरवलं की मग त्या बाजूचा ब्रेक लागतो आणि गाडी झटक्यात वळते. नळी गंजून जाम झाली असेल तर गाडी फक्त ब्रेकवर वळते, विकणारा शेतात दोन चकरा मारून दाखवतो, आपल्याला वाटतं वळतेय की, आणि महिन्याभरात ब्रेकचे लायनिंग जळून जातात. चेक करायला सोप्पं आहे, एकाला हळू चालवायला सांगा, स्टीयरिंग जेमतेम फिरवायला सांगा आणि तुम्ही बाजूने चालत चाकांवर नजर ठेवा. चाकं सरकत नसतील तर किमतीत तेवढं काम धरा नाहीतर सरळ घरी या. माझी नळी सोडवायला आठ महिने गेले, रोज संध्याकाळी तेल सोडायचं, शनिवारी गरम करायचं आणि हाणायचं.

बाजूने उभे आहातच तर चाकं पण मोजा, ट्रॅकच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचं चाक सोडून. प्रत्येक बाजूला तीन असतील तर युनिव्हर्सल. चार असली आणि आत दांडे असले तर ती अमेरिकन टी१६, ती वाईट नाही पण दिसायला बहीण असली तरी तिचे ट्रॅकखालचे पार्ट्स हिला चालत नाहीत.

पत्र्याचं बघायला खिशात जुनी कानस घेऊन जा. खरी चिलखती प्लेट ७ ते १० मिलिमीटरची आणि कडक असते, कानस नुसती घसरते. कानस चावली म्हणजे मागे कोणीतरी साधा पत्रा लावलाय. युद्धानंतर खूप कॅरियर शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरसारख्या वापरल्या, आत चढायला सोयीचं म्हणून बाजूच्या प्लेटा सरळ कापून टाकल्या. साधा पत्रा म्हणजे नापास असं नाही, पण पैसे चिलखताचे देऊ नका. आणि चिलखती प्लेटेला गल्लीतल्या वेल्डरकडून टाके मारून घेऊ नका, आधी गरम न करता वेल्डिंग केलं की शेजारीच तडा जातो.

ट्रॅक ओतीव लोखंडाच्या छोट्या छोट्या कड्यांचा असतो, पिना झिजल्या की ट्रॅक लांबतो. पुढचं आयडलर चाक पुढे ओढून ताण देतात. ते आधीच शेवटपर्यंत ओढलेलं दिसलं तर विचारा की किती कड्या काढल्यात. एखाद-दुसरी काढली असेल तर चालतंय, पण कड्यांची भोकंच लंबगोल झाली असतील तर नवीन पिना घालून काही होत नाही.

गाडी घरी आणायची तर कारमागचा ट्रेलर विसरा, वजन त्याच्या बाहेर जातं, लॉरीच सांगा. रॅम्पवर लाकडी फळ्या टाका, लोखंडावर लोखंड बर्फासारखं घसरतं.

घरी आल्यावर सगळ्यांनाच सँडब्लास्टिंगची, म्हणजे वाळूचा फवारा मारून रंग उडवायची घाई होते. थांबा! आधी पाण्याच्या पॉलिशपेपरने बाजूच्या प्लेटांवर हळूहळू एकेक थर उतरवा, खाली टी ने सुरू होणारा आर्मीचा नंबर सापडू शकतो, मूळ रंगही कळतो, तपकिरी असेल तर युद्धाच्या मधल्या काळातला, ऑलिव्ह हिरवा असेल तर बहुतेक १९४४ नंतरचा. एकदा ब्लास्ट केलं की हा इतिहास जमिनीवर धूळ होऊन पडतो. धुळीवरून आठवलं, जुन्या रंगात शिसं असतं आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणून चांगला मास्क लावा आणि ब्रेक ड्रममध्ये हवा मारू नका, ओलं करून पुसा.

इंजिन जाम असेल तर ओढून चालू करायचा शहाणपणा नको. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरबॉक्सचं ऑइल मिसळून ओता, आठवडाभर विसरून जा, मग हँडलने हळू हलवून बघा. या व्ही८चं खरं दुखणं गरम होणं, कारण एक्झॉस्टचे रस्ते ब्लॉकच्या आतूनच जातात, त्यात पाण्याच्या वाटा ८० वर्षांच्या गंजाने भरलेल्या. ब्लॉक केमिकलमध्ये बुडवून साफ करून घ्या, आणि व्हॉल्व्ह ते सिलिंडरमध्ये तडा आहे का याची प्रेशर टेस्ट नवीन पिस्टन घ्यायच्या आधी करा, नंतर नाही. पेट्रोल ई५ (कमी इथेनॉलवालं) भरा, ई१० (जास्त इथेनॉलवालं) जुने रबरी पाईप खातं.

कागदांचं थोडक्यात, इथे रोडवर चालवायला लायसन्सवर ट्रॅकच्या गाड्यांची एच कॅटेगरी लागते, तिची वेगळी टेस्ट असते. शोसाठी ब्रेन गन लावायची असेल तर डीॲक्टिव्हेट केलेली (गोळी सुटणार नाही अशी निकामी केलेली) आणि सर्टिफिकेटसकट घ्या, नाहीतर सरळ लाकडाची बनवा, दहा फुटांवरून कोणाला कळत नाही.

पहिली चक्कर मोकळ्या शेतात आणि छोटीच मारा, मग उतरून ब्रेकचे दोन्ही ड्रम हाताने चाचपा, एक जास्त तापला असेल तर तो चिकटतोय. ट्रॅक पण परत बघा, नवीन पिना जागेवर बसल्या की तो हमखास ढिला पडतो.