बांबू अंगणभर पसरलाय? कोयता उचलण्याआधी या चुका टाळा

पुण्यात बाणेर, बावधन, कोथरूडकडच्या बंगल्यांत आणि रो-हाउसमध्ये कंपाउंडच्या कडेने बांबू लावण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांपासून आडोसा हवा असतो, तोही लवकर हवा असतो, आणि त्या बाबतीत बांबूचा हात धरणारं झाड नाही. पण काही वर्षांत तोच बांबू हिरवळीतून, पेव्हर ब्लॉकच्या फटींतून, कधी शेजाऱ्याच्या वाफ्यातून डोकं वर काढतो. मग माळी तणनाशक सुचवतो. घरच्या बागेत, जिथे मुलं खेळतात आणि कढीपत्ताही तिथलाच तोडला जातो, तिथे त्याची काही गरज नाही. बांबू हाताने आवरता येतो, फक्त काम त्याच्या कंदावर, म्हणजे जमिनीखालच्या खोडावर करायला हवं.

जात न ओळखता खोदायला लागणं

सगळ्यात जास्त श्रम इथे वाया जातात. मेस, माणगा, काटस हे आपले देशी बांबू बेट करून वाढतात. त्यांचे कंद आखूड असतात, त्यामुळे बेट रुंदावतं, पण पंधरा फुटांवर जाऊन उगवत नाही. पिवळ्या काठीवर हिरवे पट्टे असलेला शोभेचा बांबूही बेटाचाच. लांब धावतात ते मुख्यतः चीन-जपानकडचे फायलोस्टॅकिस गटातले. घोळ असा की 'गोल्डन बांबू' हे नाव दोन्ही प्रकारांना लावलं जातं.

ओळखायचं कसं? फांदी जिथून फुटते त्या गाठीच्या वरच्या पेरावर अंगठा फिरवा. फांदीच्या बाजूला उभी, चपटी खाच लागली आणि गाठीवर एक मोठी, एक लहान अशा दोन फांद्या असतील, तर तो फायलोस्टॅकिस. तरी शंका असेल तर मुख्य झुडूप आणि लांब उगवलेला कोंब यांच्या मधली माती वीतभर उकरून पाहा. धावत्या बांबूचा कंद आडवा, पेरापेरांचा दिसतो आणि पेरांवर एकेक डोळा असतो. यातला प्रत्येक डोळा उद्याचा कोंब होऊ शकतो.

तुमच्याकडचा बांबू बेटाचा निघाला तर अंगण खणू नका. पावसाळ्यात बेटाच्या बाहेरच्या अंगाला येणारे कोंब कोवळे असतानाच मोडा आणि तीन वर्षांपुढच्या जून काठ्या हिवाळ्यात काढा. एवढ्यात काम भागतं. पुढचं बरंचसं धावत्या बांबूसाठी आहे.

मनात येईल तेव्हा छाटणी

दिवाळीच्या साफसफाईत बांबू बुडापासून छाटला, अंगण मोकळं झालं, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच. ही तक्रार फार ऐकू येते. कारण साधं आहे. कोंब जमिनीबाहेर आला की तो कंदात साठवलेल्या अन्नावर वाढतो. काही आठवड्यांत पूर्ण उंची गाठतो, मग पानं उघडतात आणि घेतलेलं अन्न परत कंदात जमा होऊ लागतं. दिवाळीला तुम्ही छाटता तेव्हा ही परतफेड होऊन गेलेली असते.

कोंब वाढलाय पण पानं उघडली नाहीत, अशा वेळी तोडला तर कंदाचा निव्वळ तोटा होतो. धावत्या जाती मुख्यतः थंडी सरता सरता कोंब काढतात, पण पुण्यात पावसाळाभरही डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. बांबू मुळापासून संपवायचा असेल तर आधी सगळ्या उभ्या काठ्या कापा, त्या जागेचं पाणी तोडा आणि मग आठवड्यातून एक-दोन फेऱ्या मारून दिसेल तो कोंब मोडा. कोवळा कोंब बुटाच्या टोकानेही मोडतो. कौतुकाने ठेवलेली एक हिरवी काठीसुद्धा खालच्या सगळ्या जाळ्याला पोसत राहते. हे काम दोन-तीन वर्षं चालतं. एका मोसमात बांबू नाहीसा करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

शेततळ्याच्या कागदावर भरवसा

बांबू ठेवायचाय, पण हद्दीत, असं असेल तर जमिनीत आडपडदा घालतात. सहज मिळतो म्हणून 500 मायक्रॉनचा शेततळ्याचा प्लास्टिक कागद पुरला जातो. पाणी अडवायला तो उत्तम आहे, पण धावत्या कंदाचं टोक सुईसारखं टणक असतं आणि इतक्या पातळ कागदातून ते पार जाऊ शकतं. साधारण दीड मिलिमीटर जाडीची एचडीपीई, म्हणजे टणक प्लास्टिकची शीट घ्या. ती 60 ते 75 सेंटिमीटर खोल जाऊ द्या आणि वरची कड मातीबाहेर दोन इंच ठेवा. शीट किंचित तिरकी हवी, म्हणजे वरची कड बांबूपासून बाहेर झुकलेली. त्यामुळे आदळलेला कंद खाली न जाता वर वळतो आणि दिसतो. शीटची दोन टोकं नुसती एकमेकांवर ठेवली तर कंद नेमकी तीच फट शोधतो. तिथे पट्टी लावून नटबोल्टने आवळा. कडेवर पालापाचोळा साचला तर कंद त्यातूनच उडी मारून पलीकडे जातो, तेव्हा ती कड कायम झाडलेली ठेवा.

टेकडीच्या उतारावरच्या प्लॉटमध्ये फूट-दीड फुटावर मुरूम लागतो आणि पहार टणटण वाजायला लागते. तिथे शीटचा हट्ट सोडा. बांबूभोवती वीतभर रुंद आणि फूटभर खोल चर खणा, त्यात नुसती वाळू भरा. वर्षातून दोनदा वाळू उकरायची आणि चर ओलांडणारा प्रत्येक कंद कात्रीने तोडायचा. बहुतेक कंद वरच्या फूटभर मातीतच धावतात, त्यामुळे हा उपाय चालतो. मला स्वतःला शीटपेक्षा चरच जास्त पटतो: त्यात काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

रॉकेल आणि मीठ

हे 'घरगुती' उपाय आहेत म्हणून निरुपद्रवी ठरत नाहीत. मिठाने माती नासते आणि रॉकेलने तर बागच बिघडते. दोन्ही नकोत.

अर्धवट उंचीवर काठी कापणं

गाठीच्या बरंच वर कापलं की खाली पोकळ पेला उरतो. पावसात त्यात पाणी साठतं आणि डेंग्यूचे डास त्यात अंडी घालतात. काप नेहमी गाठीच्या अगदी लगत घ्या. जुने खुंट असतील तर त्यांत वाळू भरून टाका.

कंद फेकून देणं

खणून काढलेल्या कंदाचा डोळा असलेला तुकडा ओल्या मातीत पुन्हा रुजतो. तो कंपोस्टमध्ये घालू नका, टेकडीवर किंवा नदीकाठी तर मुळीच टाकू नका. आपल्या टेकड्यांवर आधीच पुरेशी परकी झाडं आहेत. गच्चीच्या फरशीवर कडक उन्हात कंद वाळवा, काडकन मोडेपर्यंत.

शेजाऱ्याशी न बोलता काम सुरू करणं

मूळ झुडूप भिंतीपलीकडे असेल तर आपल्या बाजूचे कोंब कितीही मोडले तरी त्यांना तिकडून अन्न मिळत राहतं. आधी भिंतीलगत चर खणून जोडणारे कंद तोडा, मगच कोंब मोडायला लागा. धड काँक्रीट कंदाला फोडता येत नाही, पण भेगा, पेव्हरचे सांधे आणि ड्रेनेज चेंबरचे निखळलेले जोड त्याला पुरतात. म्हणून दोघांनी मिळून चेंबरची झाकणं उघडून पाहा आणि ते जोड पावसाआधी सिमेंटने बुजवून घ्या.