दिवसाच्या सोलर लाईनवर ओलीत कसं बसवायचं

गावात सोलर फिडर (शेतीला दिवसा सोलरची वीज देणारी लाईन) आला की रात्री वावरात जाणं सुटते, साप-डुकराची भीती जाते, आणि हे खरंच मोठं सुख आहे. पण मोटर चालवायची पद्धत जुनीच ठेवली तर अर्धा फायदा वाया जाते, आपला पण आणि ग्रीडचा, म्हणजे विजेच्या सगळ्या जाळ्याचा पण.

आधी कारण बघा. जेवढी वापरली तेवढीच वीज दर क्षणाला तयार व्हावी लागते, तेव्हा कुठं विजेची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला होणारी आवर्तनं) 50 हर्ट्झजवळ राहते. आपलं चंद्रपूरचं कोळशाचं वीज केंद्र 2920 मेगावॅटचं, तिथला 500 मेगावॅटचा एक संच दुपारी ऊन आहे म्हणून बंद केला अन् संध्याकाळी लगेच चालू केला असं होत नाही, बॉयलर तापायला तास न् तास जातात. कोळशाचे संच क्षमतेच्या 55 टक्क्यांपर्यंत उतरवायचे, पुढे टप्प्याटप्प्यानं 40 पर्यंत, असे केंद्र सरकारकडचे 2023 चे नियम आहेत, म्हणजे संध्याकाळसाठी संच चालू ठेवायचा तर दुपारी पण तेवढा कोळसा जळणारच. मग भर दुपारी सोलर जास्त झालं आणि वापरणारं कोणी नसलं तर सोलरच कापावं लागते. संध्याकाळी 6 नंतर उलट, ऊन गेलं आणि घरोघरी दिवे-पंखे चालू. माझ्या मते मोटरसारखा सोयीचा लोड (वीज ओढणारी वस्तू) दुसरा नाही, पाणी दोन तास पुढं-मागं झालं तरी हरभऱ्याला काही होत नाही.

तर पहिलं काम, लाईनमनला विचारा की आपला फिडर फक्त शेतीचा आहे का गावठाणासोबत मिक्स आहे, आणि सबस्टेशनला सोलर प्रकल्प जोडला का. असे फिडर सोलरवर आणणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची, सुरुवातीला राळेगणसिद्धीसोबत यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी निवडलं होतं, 2023 पासून 2.0 चालू आहे. फिडर मिक्स असेल तर ग्रामसभेत ठराव घेऊन वेगळा करून मागा.

दुसरं, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं, ऑटो, म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच. त्यानं लाईन आली की डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. 5 एचपीच्या 20 मोटरी म्हणजे चालताना 75 किलोवॅटच्या आसपास, पण डायरेक्ट स्टार्टरवर उठताना प्रत्येक मोटर पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज बसते, मोटरी गुणगुणत राहतात, फ्यूज उडतो, कोणाची वाइंडिंग जळते, डीपी गेला तर भर रब्बीत सगळ्यांचंच ओलीत थांबते. दिवसाची लाईन असेल तर ऑटो काढूनच टाका, आपण वावरातच असतो. काढायचा नसेल तर मेकॅनिककडून त्यात टायमर बसवून घ्या, डीपीवरच्या लोकांनी एकत्र बसून चार गट पाडा, पहिला गट लाईन आल्यावर, दुसरा पाच मिनिटांनी, असं. एकट्यानं केलं तर उपयोग नाही, सगळ्यांनी करावं लागते.

लाईनवरून ओढला जाणारा करंट कमी करायला कॅपॅसिटर पण लावा, 5 एचपीला साधारण 2 केव्हीएआरचा (हे कॅपॅसिटरचं माप), आयएसआय मार्कवाला, आणि वायरमनकडूनच, मेन स्विच पाडून. क्लॅम्प मीटरनं कॅपॅसिटरच्या आधीच्या वायरवर लावण्याआधी आणि लावल्यावर अँपिअर मोजा, कमी झाले नाही तर तो मेलेला आहे.

आता साठवण. नगर-ठाण्याच्या सीमेवर घाटघरला 250 मेगावॅटचा प्रकल्प आहे, तिथं मागणी कमी असताना पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज काढतात. आपल्याला वीज काढायची नाही, पण वावराच्या उंच कोपऱ्यात टाकी किंवा शेततळं असेल तर 11 ते 3 मध्ये भरून घ्या आणि नंतर मोटर न लावता नळीनं पाणी सोडा. संत्र्याच्या ठिबकला हे जमते, फक्त कमी प्रेशरवर चालणारे ड्रीपर लागतात आणि फिल्टर वरचेवर धुवावा लागते. स्प्रिंकलरला एवढं प्रेशर मिळत नाही, तो थेट दुपारीच चालवा, वारा असला तर सकाळी जरा लवकर.

गावातली पिठाची चक्की, दालमिल, तेलघाणा यांनी पण जड काम दिवसा उरकावं. घरी टीओडी मीटर (वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारं) असेल तर सकाळी 9 ते संध्याकाळी 5 दर कमी लागतो, टाकीची मोटर अन् इस्त्री तेव्हाच.

पावसाळ्यात ढग आले की सोलर पडेल ही शंका लोकं काढतात. ढग असतात तेव्हा ओलिताची गरजच कमी असते, आणि भंडारा-गोंदियाकडे धानाला पाणी लागते ते पावसाचा खंड पडल्यावर, तेव्हा ऊन कडक असते. ढगाळ दिवशी व्होल्टेज कमी दिसलं तर मोटर रेटू नका, तासभर थांबून पुन्हा बघा.