लाईट आल्यावर पोस्टग्रेस उठत नाही? आधी नंबर कोणाचा ते बघा

वळवाची पहिली सर आली की आमच्या दापोलीकडे लाईट जाते. इन्व्हर्टरने मान टाकली की सर्व्हर आडवा. लाईट येते, पण पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर अडून बसतो: ‘पोस्टमास्टर.पीआयडी’ ही लॉक फाईल, म्हणजे ‘या डेटावर सर्व्हर बसलाय’ अशी पाटी, आधीच आहे. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘फाईल उडवा’. असा सल्ला देणाऱ्याचा स्वतःचा डेटा कधी गेलेला नसतो.

पोस्टग्रेसचा लॉग, म्हणजे त्याच्या नोंदींची फाईल, वाचा, तक्रार याच फाईलची आहे ना ते बघा. मग लॉक फाईल उघडा. पहिल्या ओळीत प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, नंबर असतो, दुसरीत डेटा फोल्डरचा पत्ता.

खरी मेख इथे आहे. तो नंबर मेलेला असेल तर पोस्टग्रेस जुनी फाईल स्वतःच बाजूला सारतो, तुम्हाला विचारतही नाही. तो अडतो, कारण त्या नंबरावर, पोस्टग्रेस ज्या युजरने चालतो त्याच युजरचं काहीतरी जिवंत असतं. मशीन दर वेळी साधारण त्याच क्रमाने उठते, त्यामुळे कालचा नंबर आज भलत्यालाच मिळू शकतो.

एका लॉजवर मी इथेच आपटलो. एकाच मशीनवर दोन पोस्टग्रेस होते, ५४३२ पोर्टवर बुकिंग आणि ५४३३ वर हिशेब. बुकिंग उठेना. मालक काका डोक्यावर उभे: “अरे, मे महिना आहे, लवकर कर!” मी फाईलमधला नंबर पाहिला आणि तो कोणाचा ते न बघता ‘किल -९’ ही प्रोसेस जबरदस्तीने मारणारी कमांड चालवली. तो नंबर हिशेबाचा होता. आता दोन्ही बंद!

म्हणून ‘पीएस’ या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडने त्या नंबराची पूर्ण कमांड बघा. ‘-डी’पुढे तुमच्याच डेटा फोल्डरचा पत्ता दिसला, तर सर्व्हर चालूच आहे, फाईलला हात लावू नका. एकाच डेटावर दोन सर्व्हर बसले की डेटाची माती होते. दुसरा पत्ता किंवा भलतीच कमांड दिसली, तर तुमच्या फोल्डरवर पोस्टग्रेसची एखादी पोरकी प्रोसेस (मुख्य प्रोसेस मेल्यावरही चालू राहिलेली) मागे उरली नाही ना, तेही तपासा. ‘किल -९’नंतर अशी उरू शकते. मुख्य प्रोसेसवर तो कधीच वापरू नका.

सगळं साफ असेल तरच फाईल हलवा. पुसू नका, नाव बदलून दुसरीकडे ठेवा.

सर्व्हर चालू करा. नीट बंद झाला नव्हता, रिकव्हरी चालू आहे, अशा अर्थाची ओळ लॉगमध्ये येईल. घाबरू नका, आणि ती संपेपर्यंत काकांना मेन स्विचजवळ फिरकू देऊ नका.